पाना आमच्या हाती, मोजमाप कोणाच्या हाती?



इंजिनाच्या हेडचे स्टड किती आवळावेत, हा कामगार संघटनेच्या मुखपत्रात चर्चेचा विषय होऊ शकतो काय, असे पुष्कळांना वाटेल. वेतन, महागाई भत्ता, पेन्शन, रिक्त जागा, बदल्या हे संघटनेचे प्रश्न. नट आवळणे हा शेडचा आणि सुपरवायझरचा प्रश्न, अशी वाटणी आपण मनाशी करून टाकली आहे. ही वाटणी आम्हांस मान्य नाही. कारण नट ढिला राहिला किंवा स्टड तुटला, की आरोपपत्र येते ते आपल्या माणसाच्या नावावर. मग आपण संघटनेकडे धावतो, बचावासाठी सहकारी शोधतो, चौकशीच्या तारखा मोजत बसतो. जो प्रश्न शेवटी आपल्या दारात येणारच आहे, तो सुरुवातीलाच हाती घेणे शहाणपणाचे नाही काय?

हा प्रश्न फक्त डिझेल शेडमधल्या थोड्या फिटरांचा आहे असेही नाही. रेल्वेत डिझेल लोको आहेत, डेमू गाड्या आहेत, पॉवर कारमधले जनरेटर आहेत, ओव्हरहेड वायर दुरुस्त करणाऱ्या टॉवर वॅगन आहेत, रुळाखालची खडी ठोकणारी ट्रॅक मशीन आहेत. या सर्वांच्या पोटात इंजिन आहे आणि इंजिनाच्या डोक्यावर हेड आहे. टपाल खात्यात मेल मोटर सर्व्हिस आहे. मुंबईत वरळीला तिचे वर्कशॉप आहे. टपालाच्या थैल्या वेळेवर स्टेशनात आणि विमानतळावर पोहोचतात त्या ड्रायव्हरमुळे, तशाच गाडीखाली आडवे पडून काम करणाऱ्या कारागिरांमुळेही. रेल्वेचा फिटर आणि टपालाचा मोटर मेकॅनिक यांची खाती वेगळी, नियमांची पुस्तके वेगळी. पण हातातला पाना एकच आहे.

गिंडीची साखळी

या विषयासाठी आम्ही वाचकांना चेन्नईतील गिंडीला नेऊ इच्छितो. चेन्नई बीच ते तांबरम या उपनगरी मार्गावरचे हे स्टेशन. हा मार्ग १९३१ साली विजेवर धावू लागला, तेव्हा तो मीटर गेज होता. आपल्याकडच्या कुर्ला-घाटकोपरसारखे हे कष्टकऱ्यांच्या येण्याजाण्याचे ठिकाण. गिंडीचा परिसर म्हणजे देशातील यंत्रविद्येची एक साखळीच आहे.

या साखळीची पहिली कडी अभियांत्रिकी महाविद्यालय. १७९४ साली मद्रासमध्ये जमीन मोजणीची शाळा म्हणून सुरू झालेली ही संस्था १९२० मध्ये गिंडीच्या जागेत आली आणि आज अण्णा विद्यापीठाचा भाग आहे. कोणत्या जाडीच्या स्टडवर किती ताण द्यावा, याचे गणित मांडणारा इंजिनिअर अशा संस्थांमधून तयार होतो. दुसरी कडी केंद्र सरकारची प्रशिक्षण संस्था. देशभरातील आयटीआयमध्ये शिकवणारे प्रशिक्षक जेथे घडवले जातात, अशा केंद्रीय संस्थांपैकी ही एक. जुने लोक तिला सीटीआय म्हणत. आज तिचे नाव राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था असे आहे. मुंबईत चुनाभट्टीला अशीच संस्था आहे. म्हणजे गणित मांडणारा एक, आणि ते हाताला शिकवणारा दुसरा. तिसरी कडी गिंडीची औद्योगिक वसाहत. १९५८ मध्ये सुरू झालेली ही वसाहत देशातील अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी आहे. तेथील लहान लहान शेडमध्ये कामगार प्रत्यक्ष धातू कापतो, आटे पाडतो, जोडतो आणि आवळतो. अशोक लेलँड या ट्रक आणि बस बनवणाऱ्या कंपनीचे मुख्य कार्यालयही गिंडीतच आहे.

गणित मांडणारा, शिकवणारा आणि आवळणारा, या तीन कड्या एकाच परिसरात नांदताना पाहिल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. पहिल्या दोघांना पदवी आहे, मान आहे, त्यांच्या इमारतींवर नावाची पाटी आहे. तिसऱ्याचे नाव कोठेच नाही. फक्त एका ठिकाणी ते हमखास लिहिले जाते: बिघाडाच्या अहवालात.

आमची तक्रार या ठिकाणी आहे. गणित पुस्तकात आहे, शिक्षण संस्थेत आहे. पण शेडमधल्या माणसापर्यंत ते दोन्ही पोहोचतात की नाही, हे पाहण्याची जबाबदारी कोणीच घेत नाही.

स्टड म्हणजे ताणलेली स्प्रिंग

विषय सर्वांना समजावा म्हणून, आणि रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये टपाल छाटणाऱ्या आमच्या बंधूंनाही समजावा म्हणून, थोडे यंत्राचे बोलू.

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये डिझेल पेटते तेव्हा आतला दाब हेडला वर उचलू पाहतो. डब्ल्यूडीएम-२ हे आपल्या सर्वांच्या ओळखीचे अल्को इंजिन घ्या. त्याच्या सिलिंडरचा व्यास ९ इंच, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ४१० चौरस सेंटिमीटर. पेटताना दाब चौरस सेंटिमीटरला १०० किलो इतकाच धरला, तरी एका हेडला वर ढकलणारा जोर ४१ टन होतो. पूर्ण वेगात, म्हणजे मिनिटाला १००० फेऱ्यांना, हा ठोसा एका सिलिंडरमध्ये मिनिटाला ५०० वेळा बसतो. तासाला ३० हजार वेळा. असे सोळा सिलिंडर. हा सगळा जोर झेलून हेडला ब्लॉकवर बसवून ठेवतात ते स्टड.

स्टड हे काम कसे करतो? नट आवळला की स्टड किंचित लांबतो. तो ताणलेल्या स्प्रिंगसारखा आखडू पाहतो आणि त्या ओढीने हेड, गॅस्केट आणि ब्लॉक एकमेकांवर दाबून धरतो. म्हणजे खरे काम नट करीत नाही, ती ओढ करते. ओढ कमी पडली, तर प्रत्येक ठोशाला हेड केसभर उचलले जाते, गॅस्केट जळते, पाणी तेलात आणि तेल पाण्यात जाते, इंजिन तापते. ओढ जास्त झाली, तर स्टड कायमचा लांबतो किंवा तुटतो, नाहीतर ब्लॉकमधले आटे उपटून येतात. कमी आणि जास्त यांच्यामधली जागा अरुंद आहे, आणि त्या जागेचे नाव टॉर्क.

आता अडचण अशी, की ही ओढ डोळ्याला दिसत नाही आणि हातालाही कळत नाही. पान्यावर लावलेल्या जोरापैकी सुमारे नऊ दशांश जोर नटाखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात खर्च होतो. फक्त एक दशांश स्टडला ताणतो. हाताला जे 'घट्ट' वाटते ते पुष्कळदा घर्षण असते. आट्यात गंज किंवा कचरा असेल, तर पाना जड होतो, मन म्हणते झाले, आणि स्टड मात्र ढिलाच असतो. उलट आट्याला तेल लागलेले असेल, तर पाना हलका चालतो आणि स्टड गरजेपेक्षा जास्त ताणला जातो.

एक हिशेब पाहा. १२ मिलिमीटर जाडीचा स्टड ९ किलोग्रॅम-मीटरला आवळला. आटे कोरडे असतील, तर ओढ साधारण पावणेचार टन येते. त्याच आट्यांना तेल लावून तेवढ्याच टॉर्कला आवळले, तर ओढ ५ टनांपर्यंत जाते. पाना तोच, आकडा तोच, माणूस तोच. ओढ मात्र एक तृतीयांशाने जास्त. सर्वत्र वापरला जाणारा ८.८ दर्जाचा १२ मिलिमीटरचा स्टड असेल, तर ५ टन म्हणजे त्याच्या हमीची अखेरची रेघ. म्हणून मॅन्युअलमध्ये आकड्यासोबत 'आटे कोरडे' की 'तेल लावून' हे लिहिलेले असते. शेडच्या भिंतीवर आकडा खडूने लिहिला आणि ही ओळ गाळली, तर तो आकडा अर्धाच खरा.

एककांचा घोळ तर याहून वाईट. जुन्या पुस्तकांत फूट-पौंड, मधल्या काळातल्या पुस्तकांत किलोग्रॅम-मीटर, नव्या पुस्तकांत न्यूटन-मीटर. पुस्तक ९० न्यूटन-मीटर म्हणते आणि शेडमधला एकमेव पाना फूट-पौंडाचा असेल, तर ९० वर लावलेला पाना एक तृतीयांशाहून अधिक जास्त आवळतो. हा दोष फिटरचा म्हणायचा, की दोन पिढ्यांची पुस्तके आणि एक पाना त्याच्या हाती देणाऱ्याचा?

काम बरोबर कसे होते

काम बरोबर करण्याची रीत गुप्त नाही. हेड काढताना बाहेरच्या नटांपासून आत यावे, बसवताना मधल्या नटांपासून समोरासमोर बाहेर जावे. आटे तारेच्या ब्रशने साफ करावेत. ब्लॉकमधल्या बंद भोकात तेल किंवा पाणी साचू देऊ नये. स्टड खाली जाताना ते दाबले जाते आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो. स्टड हाताने पूर्ण आत जावा. हाताने जात नसेल, तर पान्याची जबरदस्ती न करता आटे तपासावेत. नट एका दमात पूर्ण आवळू नये. आधी एक तृतीयांश, मग दोन तृतीयांश, मग पूर्ण, आणि प्रत्येक टप्प्याला सर्व नटांची फेरी. मॅन्युअल सांगत असेल, तर इंजिन चालवून पुन्हा तपासणी. जे बोल्ट एकदाच ताणण्यासाठी बनवलेले असतात, ते पुन्हा वापरू नयेत.

टॉर्क पान्याचेही नियम आहेत. तो झटक्याने नव्हे, सावकाश ओढायचा. 'टक्' आवाज आला की थांबायचे. खात्रीसाठी आणखी एकदा ओढणे म्हणजे जास्त आवळणे. त्याने नट सोडवायचा नाही, त्याला पाइप लावायचा नाही, काम झाले की तो सर्वांत कमी आकड्यावर आणून पेटीत ठेवायचा. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे असा पाना १२ महिन्यांनी किंवा ५००० वेळा वापरल्यानंतर, जे आधी होईल तेव्हा, तपासून घ्यावयाचा असतो.

आता प्रत्येक वाचकाने आपल्या शेडमध्ये किंवा वर्कशॉपमध्ये जाऊन तीन गोष्टी पाहाव्यात. टॉर्क पाना आहे काय? असेल, तर तो सुपरवायझरच्या कपाटात आहे की कामाच्या जागी? आणि तो शेवटचा कधी तपासला, याची चिठ्ठी त्यावर आहे काय? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली, की प्रशासन गुणवत्तेबद्दल किती गंभीर आहे ते कळेल. भिंतीवरच्या घोषणा वाचण्याची गरज उरणार नाही.

'आमच्या मिस्त्रीचा हात' म्हणणाऱ्यांना

आपल्यातच एक मत आहे, त्याचाही विचार करू. पुष्कळ जुने कारागीर म्हणतात, तीस वर्षे हाताच्या अंदाजाने आवळले, आमचे हेड कधी गळले नाही. हे पाने-बिने नव्या पोरांसाठी. या बंधूंच्या कसबाबद्दल आम्हांस पूर्ण आदर आहे. आटा चढला की तिरका बसला हे बोटाला कळणे, नटाचा आवाज ओळखणे, गॅस्केटवरचा जुना डाग पाहून हेड कोठे गळत होते ते सांगणे, हे कोणताही पाना करू शकत नाही. आणि टॉर्क पाना तरी काय, तो स्वतः शंभरात चारइतका अचूक असला, तरी घर्षणामुळे स्टडवरची ओढ पाव हिश्शाने इकडेतिकडे होऊ शकते. आटे साफ करणारा जाणता हात नसेल, तर पान्याचा आकडा फसवा ठरतो. म्हणून हात आणि माप हे एकमेकांचे वैरी नाहीत.

परंतु एक गोष्ट आम्ही स्पष्टपणे सांगू. अंदाज चौकशीत उभा राहत नाही. बिघाड झाल्यावर चौकशी अधिकारी विचारतो, किती टॉर्कला आवळले? 'नेहमीप्रमाणे' हे उत्तर दिले, की अर्धी केस तेथेच हरली. माप आणि त्याची नोंद ही प्रशासनाची सोय नव्हे, ती कामगाराची ढाल आहे. हाताच्या अंदाजाचा अभिमान बाळगून आपण ती ढाल स्वतःहून खाली ठेवतो, आणि प्रशासनाला साधने न देण्याची सबबही मिळते: तुमचे लोक तर मागतच नाहीत!

आरोपपत्र कोणाला, जबाबदारी कोणाची

रेल्वेत शिस्त आणि अपील नियम १९६८ चे आहेत. एसएफ-११ म्हणजे किरकोळ शिक्षेचे आरोपपत्र आणि एसएफ-५ म्हणजे मोठ्या शिक्षेचे, हे आता नव्या खलाशालाही पाठ असते. टपालात १९६५ च्या नियमांतील नियम १६ आणि नियम १४ तेच काम करतात. निष्काळजीपणाने झालेले नुकसान पगारातून वसूल करणे ही तेथे किरकोळ शिक्षांमध्ये गणली जाते. किरकोळ हा शब्द कागदावरचा. महिनोन्‌महिने हप्ता कापला जातो, तेव्हा तो घरात किरकोळ नसतो.

आमचा आक्षेप शिस्तीला नाही. ज्याने खरोखर हलगर्जीपणा केला त्याचा बचाव संघटनेने करावा असेही आम्ही म्हणत नाही. आमचा प्रश्न इतकाच, की बिघाडाच्या चौकशीत माणसाची झडती होते, तशी साधनांची का होत नाही? पाना तपासलेला होता काय, मॅन्युअल कामगाराला समजणाऱ्या भाषेत होते काय, गॅस्केट आणि स्टड योग्य दर्जाचे पुरवले होते काय, चार माणसांचे काम दोघांना दिले होते काय, गाडी बाहेर काढण्याची घाई कोणी केली, हे प्रश्न अहवालात आलेच पाहिजेत. ते येत नाहीत, तोवर त्या चौकशीला चौकशी म्हणता येणार नाही. तो फक्त शेवटच्या माणसाचा शोध आहे.

परदेशातील दोन धडे

नट ढिला राहिला तर काय होते, याचा मोठा धडा ब्रिटनच्या रेल्वेने जगाला दिला आहे. तेथे रेल्वेचे तुकडे करून खाजगीकरण झाले. रूळ रेलट्रॅक या कंपनीकडे गेले आणि त्यांची देखभाल जार्विससारख्या कंत्राटदारांकडे. १० मे २००२ रोजी लंडनच्या उत्तरेस पॉटर्स बार येथे गाडीचा शेवटचा डबा सांध्यावर घसरला आणि ७ माणसे मेली. तपासात आढळले, की सांध्याच्या पट्ट्या जोडणाऱ्या दांड्यांचे नट सुटलेले होते. कंत्राटदार कंपनीने प्रथम घातपाताची शंका काढली. घातपाताचा पुरावा मिळाला नाही. पुढे रुळांची मालकी नेटवर्क रेलकडे आली. तिला २०११ मध्ये ३० लाख पौंड दंड झाला. कंत्राटदार कंपनी त्याआधीच, २०१० मध्ये, बुडाली होती. माणसे मेली, कंपनी नाहीशी झाली, दंड सार्वजनिक पैशातून भरला गेला. कंत्राटीकरणाची यापेक्षा स्वच्छ व्याख्या आम्हांस माहीत नाही. नेटवर्क रेलने २००३ मध्येच देखभाल कंत्राटदारांकडून काढून आपल्या खात्यात घेण्याचे जाहीर केले होते, हेही येथे नोंदवले पाहिजे.

पण धडा येथे संपत नाही, आणि अर्धाच धडा सांगणे आम्हांस शोभणार नाही. २३ फेब्रुवारी २००७ रोजी ग्रेरिग येथे पुन्हा गाडी घसरली, एक वृद्ध प्रवासी दगावली. कारण पुन्हा सांध्याच्या दांड्या आणि त्यांचे बोल्ट. यावेळी देखभाल कंत्राटदाराची नव्हती, नेटवर्क रेलची स्वतःची होती. पाच दिवस आधी ठरलेली तपासणी झालीच नव्हती. त्या संस्थेला २०१२ मध्ये ४० लाख पौंड दंड झाला.

म्हणजे काम खात्यात असणे आवश्यक आहे, पण तेवढे पुरेसे नाही. खात्याकडे पुरेशी माणसे, मोजमाप आणि कामाला लागणारा वेळ हेही असावे लागतात. केवळ 'कंत्राटदार हटाव' म्हणून आपले कर्तव्य संपत नाही.

कसब कोठून येणार?

आपल्याकडचा प्रश्न कसबाच्या वारशाचाही आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली रेल्वेच्या शेडमध्ये आणि वर्कशॉपमध्ये हजारो मुले शिकतात. जुन्या फिटरच्या हाताखाली ती इंजिन उघडायला, जोडायला शिकतात आणि मुदत संपली की घरी जातात. २० मार्च २०१८ रोजी माटुंगा आणि दादरच्या दरम्यान या मुलांनी रुळांवर बसून मुंबईची लोकल अडवली, ती याच कारणासाठी. त्यांच्यासाठी भरतीत २० टक्क्यांचा कोटा ठेवला होता. आम्हांला सर्वांनाच घ्या, असे त्यांचे म्हणणे होते. प्रवाशांचे हाल झाले हे खरे. पण ज्या हातांना खात्यानेच शिकवले, त्यांना बाहेर ठेवून तेच काम कंत्राटदाराच्या न शिकलेल्या माणसाकडून करून घेणे, हा कोणता हिशेब?

टपालातही चित्र वेगळे नाही. थैल्यांची वाहतूक जागोजागी खाजगी कंत्राटी गाड्यांकडे गेली आणि मेल मोटरमधले जुने कारागीर निवृत्त होत आहेत. कारागिराची जागा रिकामी राहिली, की फक्त एक पद जात नाही. त्याच्याबरोबर तीस वर्षांची माहिती जाते.

गिंडीचेच उदाहरण देतो. टपाल आणि तारखाते एक होते, तेव्हा तारघरांत टेलिप्रिंटर खडखडत असत. ते बनवणारा हिंदुस्थान टेलिप्रिंटर्स हा १९६० साली स्थापन झालेला सरकारी कारखाना गिंडीतच होता. २००१ मध्ये सरकारने त्याचे ७४ टक्के भाग एका खाजगी कंपनीला विकले. २०१३ च्या जुलैत तर तार सेवाच बंद झाली. यंत्रे जुनी होतात, सेवा संपतात, याला इलाज नाही. पण कारखान्याचा सौदा करताना जमीन आणि यंत्रे यांची किंमत लावली जाते. कामगाराच्या बोटांत साठलेल्या मापाची किंमत कोणत्या ताळेबंदात लिहिलेली असते?

कोणी म्हणेल, आता डिझेलचे दिवस गेले. मध्य रेल्वेचा ब्रॉडगेज मार्ग २०२३ च्या फेब्रुवारीत पूर्ण विजेवर आला, वाराणसीचा डिझेल कारखानाही विजेची इंजिने बनवतो. मग हेडच्या स्टडची चर्चा कशाला? आमचे उत्तर असे, की इंजिन बदलले तरी नट राहतोच. ट्रॅक्शन मोटरचे बोल्ट, अॅक्सल बॉक्सचे बोल्ट, रुळाच्या फिशप्लेटचे बोल्ट, केबलच्या टोकाची जोडणी, प्रत्येकाला ठरलेला टॉर्क आहे. विजेची ढिली जोडणी तर तापते, वितळते आणि आग लावते. हेडचा स्टड हे आम्ही उदाहरण म्हणून घेतले. प्रश्न मोजून काम करण्याचा आहे.

आमच्या मागण्या

या विवेचनातून आमच्या मागण्या सरळ निघतात.

पहिली, प्रत्येक शेड, वर्कशॉप आणि मेल मोटर डेपोत कामाच्या जागी पुरेसे टॉर्क पाने असावेत, त्यांची मुदतीत तपासणी व्हावी आणि तारखेची चिठ्ठी पान्यावर लागलेली असावी. मुदत संपलेल्या पान्याने काम करण्यास नकार देण्याचा कामगाराचा हक्क लेखी मान्य व्हावा.

दुसरी, टॉर्कचे तक्ते मराठीत आणि हिंदीत, एकच एकक वापरून, आटे कोरडे की तेल लावून या सूचनेसह, प्रत्येक सेक्शनमध्ये लावावेत.

तिसरी, जॉब कार्डवर टॉर्कचा आकडा, पान्याचा क्रमांक आणि लागलेला वेळ यांची नोंद व्हावी, त्यावर कामगाराबरोबर सुपरवायझरचीही सही असावी आणि त्याची प्रत कामगाराला मिळावी.

चौथी, कारागिरांना गिंडी, चुनाभट्टी यांसारख्या केंद्रीय संस्थांत पूर्ण वेतनावर आणि प्रवासभत्त्यासह उजळणीच्या शिक्षणासाठी पाठवावे. ज्या संस्था देशाच्या प्रशिक्षकांना शिकवतात, त्या देशाच्या रेल्वेच्या आणि टपालाच्या कारागिराला का शिकवू शकणार नाहीत? आणि शिकून येणाऱ्याने आपल्या शेडमध्ये चार जणांना शिकवावे, याची जबाबदारी संघटनेची शाखा घेईल.

पाचवी, बिघाडाच्या प्रत्येक चौकशीत साधने, साहित्य, माणसांची संख्या आणि दिलेला वेळ यांची तपासणी सक्तीची करावी. ती झाल्याखेरीज आरोपपत्र देऊ नये.

सहावी, देखभालीच्या रिक्त जागा भराव्यात आणि त्यांत शिकून तयार झालेल्या शिकाऊ उमेदवारांना घ्यावे.

या मागण्यांत पैशाची मागणी जवळजवळ नाही, हे प्रशासनाने ध्यानात घ्यावे. आम्ही येथे जास्त वेतन मागत नसून, काम नीट करू द्या असे म्हणत आहोत. कामगार कामचुकार असतात, संघटना त्यांना पाठीशी घालतात, असे वर्तमानपत्रांतून वारंवार लिहिले जाते. त्याला यापेक्षा चांगले उत्तर नाही.

शाखांच्या पदाधिकाऱ्यांना आमची विनंती आहे, की पुढच्या संयुक्त बैठकीच्या विषयपत्रिकेत हा विषय घालावा. त्याआधी आपल्या सेक्शनमधले पाने मोजावेत, त्यांवरच्या तारखा लिहून घ्याव्यात आणि जेथे पानाच नाही तेथे तसे लिहावे. साधी वही पुरेल. मागणी करताना तोंडी तक्रारीपेक्षा आकडे पुढे ठेवले, तर अधिकाऱ्याला उडवून लावता येत नाही.

आणि तुम्ही, जे उद्या सकाळी पाळीवर जाल आणि एखाद्या इंजिनाचे हेड बसवाल, तुम्हांला एकच सांगणे. पाना मागा. मिळाला नाही, तर मागितल्याची नोंद लेखी करा आणि प्रत जवळ ठेवा. त्या इंजिनामागे हजारभर प्रवासी बसलेले असतील, किंवा कोणाच्या तरी घरच्या पत्राची, औषधाच्या पार्सलची थैली असेल. ती माणसे तुम्हांला ओळखत नाहीत. त्यांचा भरवसा मात्र तुमच्याच मापावर आहे.